माकडहाडाजवळचा नाडीव्रण आणि टाक्यांची जागा

संपादक महोदय,

माकडहाडाजवळ पू वाहू लागला की आपल्याकडे सर्रास भगंदर म्हणतात. पण पिलोनिडल सायनस, म्हणजे केसांमुळे होणारा नाडीव्रण, निराळा. भगंदराची नळी गुदमार्गात उघडते, याची नाही. नितंबांमधल्या खाचेत गळालेले केस घर्षणाने त्वचेत शिरतात आणि नळी होते.

गळू ठणकत असेल तर आधी फक्त पू काढावा, चीरही मध्यरेषेच्या बाजूला द्यावी. मूळ शस्त्रक्रिया सूज ओसरल्यावर. खरी चूक तेव्हा होते: नळी काढून जखम मध्यरेषेतच सरळ शिवली जाते. तिथे घाम, केस आणि बसता-उठता ताण, टाके उसवणारच. ग्रीक लष्करी शल्यविशारद कारिडाकिस यांनी १९७३ मध्ये टाक्यांची रेषा बाजूला नेण्याची पद्धत मांडली, ती यासाठीच. लिंबर्ग पद्धतीत ६० व १२० अंशांच्या कोनांचा समभुज चौकोन कापून शेजारची त्वचा चरबीसकट फिरवून बसवतात. त्याचेही खालचे टोक मध्यरेषेपासून १-२ सेंटिमीटर सरकवलेले हवे, नाहीतर दुखणे नेमके तिथेच उलटते.

यावरच्या लेझर उपचाराची जाहिरात वाचून जाणाऱ्यांनी एवढे विचारावे: आतला केसांचा पुंजका आधी खरवडून काढणार ना?

– एक शल्यचिकित्सक