शेळीला ‘अटक’ होत नसते

महोदय,

पोलीस आणि मोकाट जनावरे यांची गाठ पडली की ‘शेळीला अटक’, ‘गाढवांना तुरुंगवास’ असे मथळे झळकतात आणि आपण सारे हसतो. २०१७ च्या नोव्हेंबरात उत्तर प्रदेशातील उरई येथे कारागृहाची महागडी रोपे खाल्ली म्हणून आठ गाढवे चार दिवस कोंडून ठेवली गेली, तेव्हा असेच झाले; २०१९ मध्ये तेलंगणातील हुजूराबाद येथे रोपे फस्त करणाऱ्या दोन शेळ्या ठाण्यात आणल्या गेल्या आणि मालकाला हजार रुपये दंड भरावा लागला, तेव्हाही. मीही हसलो, परंतु तीस वर्षे खाकी अंगावर वागवल्यामुळे या हसण्यातली एक चूक मला खटकते, ती नोंदवावी म्हणून हे पत्र.

कायद्यापुढे जनावर आरोपी नसतेच. पोलीस त्याचा केवळ तात्पुरता सांभाळकर्ता असतो. १८७१ चा गुरांच्या अतिक्रमणाचा कायदा सांगतो, की रस्त्याचे नुकसान करणारे किंवा रस्त्यावर मोकाट सापडलेले जनावर पोलिसांनी २४ तासांच्या आत जवळच्या कोंडवाड्यात पाठवावे. सात दिवसांत मालक आला नाही तर कोंडवाड्याच्या रखवालदाराने ठाण्याला कळवावे. मग ठाण्यात जनावराच्या वर्णनाची नोटीस लावून गावात आणि जवळच्या बाजारपेठेत दवंडी पिटवावी, आणि त्यानंतरही सात दिवस कोणी फिरकले नाही तरच लिलाव करावा. या कायद्यातील ‘गुरे’ या शब्दात उंट, डुकरे, शेळ्यामेंढ्या यांच्या जोडीला हत्तीही येतो. तो कोंडवाड्यापर्यंत कसा न्यावा, याबद्दल मात्र कायदा मौन पाळतो.

हत्ती माझ्या वाट्याला आला नाही, म्हैस आली. सुमारे पंचवीस वर्षांपूर्वी एका तालुक्याच्या ठाण्यात नेमणुकीस असताना, रात्रीच्या गस्तीत आम्हाला भर हमरस्त्यावर दावे तोडून आलेली एक म्हैस उभी दिसली. माझा सहकारी मुंबईत वाढलेला. त्याने तिच्या डोळ्यांवर बॅटरी मारली आणि शिट्टी फुंकली, त्यावर तिने फक्त कान हलवले. कोंडवाड्याचे फाटक केव्हाच नाहीसे झालेले होते, म्हणून तिला ठाण्यात आणून जप्त केलेल्या ट्रकच्या बंपरला बांधली. स्टेशन डायरीत ‘एक काळी म्हैस’ एवढीच नोंद झालेली पाहून, शेतकऱ्याच्या घरातून आलेल्या आमच्या एका हवालदारांनी ती खोडायला लावली आणि ‘कपाळावर चांद, उजवे शिंग टोकाला मोडलेले, शेपटीचा गोंडा पांढरा, दुभती’ असे लिहून घेतले.

त्यातल्या ‘दुभती’ या शब्दाचा अर्थ पहाटे कळला. कास ताठ भरली आणि म्हैस अशी रेकू लागली, की कोठडीतला आरोपीसुद्धा “साहेब, तिची धार काढा” म्हणून विनवू लागला. आमच्यापैकी दोघांनी तिच्याकडून लाथा खाल्ल्या. शेवटी त्याच हवालदारांनी पेंड पुढे ठेवून, पाठीवर थाप देत, कशीबशी तीन-एक लिटर धार काढली. आता हे दूध मुद्देमालात धरायचे की नाही? साहेबांनी बराच विचार करून ते तापवून, झाकून, टेबलावर ठेवण्याचा आणि त्याचा चहा कोणीही न करण्याचा हुकूम सोडला. दहाच्या सुमारास मालकीण धापा टाकत आली. ना दंड विचारला, ना कागद, तिने आधी वाकून चारही सड चाचपले आणि “धार कुणी काढली?” एवढेच विचारले. हवालदारांनी हात वर केला, तेव्हा ती म्हणाली, “हात चांगलाय.” टेबलावरचे पातेले तिनेच उचलून समोरच्या चहावाल्याकडे पाठवले. त्या सकाळचा चहा मी अद्याप विसरलेलो नाही.

आज त्या म्हशीच्या कानात बारा अंकी क्रमांकाचा पिवळा बिल्ला असता. १ जून २०२४ पासून आपल्या राज्यात बिल्ल्याशिवाय जनावरांची खरेदी-विक्रीच करता येत नाही. त्या क्रमांकावरून मालकाचा पत्ता काही मिनिटांत लागू शकतो. परंतु ती नोंद पशुवैद्यकीय दवाखान्याच्या हाती, आणि रात्री दोन वाजता जनावराच्या हाती सापडतो तो गस्तीवरचा शिपाई! तेव्हा संबंधितांनी ही माहिती ठाण्यांनाही पाहता येईल अशी सोय करावी, ग्रामपंचायतींनी मोडकळीस आलेल्या कोंडवाड्यांना निदान फाटक आणि पाण्याचा हौद द्यावा, आणि तोवर प्रत्येक ग्रामीण ठाण्यात एक कासरा व पेंडीचे अर्धे पोते ठेवण्याची तजवीज व्हावी, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त पोलीस कर्मचारी, सातारा जिल्हा