बर्फ घातलेलं काँक्रीट

दुबई,
१७ ऑगस्ट २०२५

ती. बाबा आणि आईस,
शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर बोलणं होतंच, पण बाबांचे दोन प्रश्न दोन मिनिटांत सुटणारे नव्हते. तब्येत ठणठणीत आहे. आई, उन्हाचं म्हणशील तर इथे १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावर काम करायला कायद्यानेच बंदी आहे. आणि मी काँक्रीट तपासायच्या लॅबमध्ये, एसीत असतो. बहुतेक वेळ.

इथली एक तऱ्हा मात्र सांगितल्याशिवाय राहवत नाही. उन्हाळ्यात काँक्रीटमध्ये बर्फ घालतात! खराखुरा बर्फ, चुरा करून, थोड्या पाण्याच्या जागी. आणि स्लॅब टाकतात रात्री. सिमेंटला पाणी लागलं की ते आपणहून तापतं, त्यात बाहेर ४५ अंश. माल गाडीतच आवळायला लागतो आणि पुढे तडे जातात. परवा रात्री दोन वाजता साइटवर गाडीतल्या मालात थर्मामीटर खुपसला, तर ३४. आमची मर्यादा ३२. अख्खी गाडी परत पाठवली. दहा घनमीटर, म्हणजे जवळजवळ चोवीस टन. ड्रायव्हर माझ्याकडे असा बघत होता, जणू ऊन मीच पाडलं. बुर्ज खलिफाला ३ लाख ३० हजार घनमीटर काँक्रीट लागलं, त्यातलंही उन्हाळ्यातलं असंच रात्री, बर्फ घालून ओतलेलं.

बाबा, वाळवंटात वाळू विकत का घेतात म्हणून तुम्ही हसलात. वाऱ्याने घासून इथली वाळू फार बारीक आणि गोल झालेली असते. थोडी मिसळतात, पण भिस्त दगड फोडून केलेल्या वाळूवर. खडी फुजैरा आणि रास अल खैमाच्या डोंगरांतून येते.

दुसरा प्रश्न, ‘सगळं बांधून झालं की तुला काढतील.’ असं नसतं हो. २००५ मध्ये इथे तेरा लाख लोक होते, आता अडतीस लाखांच्या वर आहेत. नुसती डोकी मोजूनही भागत नाही. नवी वस्ती म्हटली की पहिल्या घराच्या आधी रस्ता, गटार, पाण्याची लाइन, विजेचं सबस्टेशन. मग टॉवर, आणि त्याच्या पोटात चार-पाच मजले निव्वळ गाड्यांसाठी. तिथे कोणी राहत नाही, पण सळई आणि सिमेंट खातात. मेट्रोची ३० किलोमीटरची नवी ब्लू लाइन २०२९ ला सुरू करायची आहे, तिचं काम आता कुठे सुरू होतंय.

खोटं कशाला सांगू, भीती वेगळीच आहे. इथे इमारत उभी राहण्याआधीच फ्लॅट विकले जातात. घेणाऱ्यांपैकी राहायला येणारे किती आणि पैसा फिरवणारे किती, ते खडीला कळत नाही. तिला मागणी दोघांकडूनही सारखीच. २००९ मध्ये पैसा आटला तेव्हा अर्धवट इमारतींवर क्रेन नुसत्या उभ्या होत्या म्हणे. पण तशी चिन्हं दिसली तर आम्हाला काँक्रीटच्या प्लांटवर आधी कळेल, ऑर्डरी आधी आमच्याच घटतील. तुम्ही काळजी करू नका.

गणपतीला येता येणार नाही. ऊन उतरलं की दिवसाही काम चालतं, त्याआधी रजा मागणं बरं दिसत नाही. दिवाळीचंही नक्की धरू नका.

आई, फोटो पाहिला. मुलगी चांगली आहे. पण आधी लग्न की आधी वरचा मजला, हे तुम्ही दोघं ठरवा. मजला झाल्याशिवाय तिच्या घरचे हो म्हणणार नाहीत, हे मलाही कळतं. स्लॅब टाकाल तेव्हा सेंटरिंगवाल्याला घाई करू देऊ नका, आणि माल घट्ट दिसला तरी पाणी वाढवू नका म्हणावं. दुसऱ्यांच्या हजार स्लॅबवर उभा राहिलो, आपल्याच स्लॅबला मी नसेन.

तुमचा,
संदीप

ता. क. बाबा, या महिन्यात सहाशे दिरहम कमी आलेत, ती चूक बँकेची नाही. एवढी माणसं येतात म्हटल्यावर भाडं वाढणारच. आता खोलीत आम्ही सहा जण आहोत. आईला चार सांगा.