बोट सुटली पावणेदहाला

प्रति,
व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

विषय: बोर्निओ सहलीतील किनाबातांगान नदीवरच्या पक्षीनिरीक्षणाच्या दिवसाबाबत तक्रार व पैसे परत मिळण्याबाबत

महोदय,

एप्रिल महिन्यातल्या आपल्या बोर्निओ सहलीत मी आणि माझे यजमान असे दोघे होतो. सहलीतला 'नदीवरचा एक दिवस, पाखरांच्या सोबतीनं' हा ऐच्छिक कार्यक्रम आम्ही माणशी 9,500 रुपये जादा भरून घेतला होता. त्याबद्दल परतल्यावर मी फोनवर तक्रार केली, तेव्हा आपल्या कार्यालयातून दोन ओळींचं उत्तर आलं: पक्षी दिसणं न दिसणं सर्वस्वी निसर्गाच्या हातात असतं, अट क्रमांक 14 पाहावी. अट पाहिली. म्हणून आता हे लेखी.

पक्षी दिसले नाहीत अशी माझी तक्रारच नाही. वीस वर्षं गळ्यात दुर्बीण अडकवून फिरते आहे, रिकाम्या हातानं परत येण्याची सवय आहे. पक्षी निसर्गाच्या हातात असतात हे मान्य. बोट किती वाजता सोडायची, हे मात्र आपल्या हातात होतं.

आपल्या छापील कार्यक्रमात 'सकाळी 6 ते 9 नदीवर, सहा जणांची छोटी बोट, सोबत जाणकार, दुपारी 4 ते 6 पुन्हा नदीवर' असं आहे. आता घडलं ते सांगते. विषुववृत्ताच्या इतक्या जवळ सहाच्या सुमाराला उजाडतं. आम्ही दोघं पावणेसहाला धक्क्यावर उभे होतो. धक्क्यावर आमच्याशिवाय एक मांजर होतं. सात वाजता आपले टूर मॅनेजर चहाचा कप घेऊन आले आणि म्हणाले, "काकू, एवढी काय घाई? महाराजांचे पोहे झाले की निघूच." पोहे झाले आठला, आणि ते उत्तम होते, त्याबद्दल काही म्हणणं नाही. मग कुणाची टोपी, कुणाच्या गोळ्या, ग्रुप फोटो. बोट सुटली पावणेदहाला. बोट एकच, माणसं चौदा, मागे धडधडणारं पेट्रोलचं इंजिन आणि पुढे ब्लूटूथ स्पीकरवर अंताक्षरी.

पावणेदहाला त्या नदीवर काय असतं, ते आपल्या माहितीसाठी लिहिते. लांब नाकाची माकडं, जी बोर्निओखेरीज जगात कुठंच नाहीत, रात्री नदीकाठच्या झाडांवर झोपायला येतात आणि सकाळी पाल्याच्या शोधात आत जंगलात निघून जातात. म्हणजे आमचे पोहे चालू होते तेव्हा त्यांची पांगापांग झालेली होती. धनेशही (म्हणजे हॉर्नबिल) पहाटे आणि संध्याकाळी नदी ओलांडतात, दुपारच्या उन्हात पानांआड बसतात. आम्हाला त्या फेरीत दिसले दोन बगळे, एक घोरपड आणि पंख वाळवत बसलेला तिरंदाज हा पाणपक्षी. तिरंदाज सुंदरच असतो, पण तो आम्हाला पुणे जिल्ह्यातल्या भिगवणला दिसतो. आणि भिगवणचा नावाडी पहाटे साडेपाचला स्वतःहून फोन करतो, "ताई, उठलात ना?"

जाणकाराबद्दल. जाणकार म्हणून टूर मॅनेजरच होते. सांडाकान शहराहून नदीकाठच्या सुकाऊ गावाला येताना दोन-अडीच तास रस्त्याच्या दोन्ही बाजूंना तेलताडाची लागवड होती, शेतात ऊस असावा तशी ओळीनं. त्यांनी माइकवरून सांगितलं, "हे बघा बोर्निओचं घनदाट जंगल." गाडीत टाळ्या पडल्या. खरं तर 560 किलोमीटर लांबीच्या या नदीच्या खालच्या अंगाला आता काठाकाठानं उरलेले जंगलाचे पट्टेच आहेत. त्यातलं 26-27 हजार हेक्टर 2005 मध्ये अभयारण्य झालं. आजूबाजूला ताड झाल्यामुळेच प्राणी-पक्षी या चिंचोळ्या पट्ट्यात एवढ्या दाटीनं दिसतात. आपण ज्याचे पैसे घेता त्याची गोष्ट एवढी तरी ठाऊक असावी.

आणि आपल्या माहितीपत्रकाच्या मुखपृष्ठावर जो मोठ्या पिवळ्या चोचीचा पक्षी छापला आहे, तो टुकान आहे. टुकान मध्य आणि दक्षिण अमेरिकेत असतो. बोर्निओत त्याला बघायचं तर आपल्याला तो पाळावा लागेल. किनाबातांगानच्या काठी धनेशाच्या आठ जाती आहेत, त्यातल्या एकीचाही फोटो मिळाला नाही?

दुपारची 4 ची फेरी रद्द झाली. कारण हाऊजी. लोक थकलेत म्हणून लॉजवरच हाऊजी ठेवली, असं आम्हाला साडेतीनला कळलं. हाऊजी आम्ही डोंबिवलीतही खेळतो.

तेव्हा आम्ही दोघांनी लॉजच्या स्वयंपाकघरात विचारून गावातला एक नावाडी गाठला. ओरांग सुंगाई, म्हणजे शब्दशः 'नदीचे लोक', त्यांच्यातला तरुण. इंग्रजी त्याला जेमतेम. त्यानं 150 रिंगिट (मलेशियाचं चलन) सांगितले, आम्ही घासाघीस केली नाही. मेनांगगुल नावाच्या चिंचोळ्या उपनदीत शिरल्यावर त्यानं मोठं इंजिन बंद करून बॅटरीवरची मोटर लावली. पाण्याचा आवाजसुद्धा ऐकू यायला लागला. बोट दाखवायचं नाही, हनुवटीनं दाखवायचं, ही त्याची पद्धत. पाण्यावर वाकलेल्या वाळक्या फांदीला पुरात अडकलेल्या कचऱ्यासारखं काहीतरी लोंबत होतं, तिकडे त्यानं हनुवटी केली. मी म्हटलं कचरा. तेवढ्यात त्या कचऱ्यातून लालभडक छातीचा, निळसर चोचीचा छोटा पक्षी बाहेर आला. काळा-लाल ब्रॉडबिल, आणि ते त्याचं घरटं.

सव्वापाचच्या सुमाराला डोक्यावरून जुन्या कोळशाच्या इंजिनासारखा घुस्स-घुस्स आवाज आला. वर पाहिलं तर ऱ्हायनोसेरॉस हॉर्नबिलची जोडी, मलेशियाचा राष्ट्रीय पक्षी, चोचीवर ते वर वळलेलं केशरी शिंग. माझं माहेर सावंतवाडीकडचं. तिथं धनेशाला गरुडच म्हणतात. यजमान, जे माझ्या नादानं येतात आणि एरवी बोटीत पेंगतात, ते उभे राहिले. नावाड्यानं त्यांचा सदरा धरून खाली बसवलं, कारण खाली मगरी आहेत. मग माकडं परतू लागली, एकेक कुटुंब आपापल्या झाडावर. त्या लांब नाकाच्या नरांना इथं 'डच माणूस' म्हणतात, हे त्यानं स्वतःचं नाक ओढून समजावलं. साडेसहाला अंधार पडला. परत आलो तेव्हा हाऊजीचं शेवटचं फुल हाऊस चालू होतं.

म्हणजे पक्षी तिथं होते, नदीही होती. वेळेवर सुटणारी बोट फक्त नव्हती.

माझ्या मागण्या अशा: जादा घेतलेले दोघांचे मिळून 19,000 रुपये परत करावेत आणि नावाड्याला दिलेले 150 रिंगिट त्या दिवसाच्या दरानं द्यावेत. पुढच्या तुकड्यांच्या पत्रकात बोट प्रत्यक्ष सुटण्याची वेळ आणि बोटीतली माणसं छापावीत. टुकान काढावा. सोबतच्या मंडळींना अंताक्षरी हवी असेल तर त्यांच्यासाठी वेगळी बोट ठेवावी. त्यांच्यावर माझा राग नाही, त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

हे पत्र मिळाल्यापासून 15 दिवसांत लेखी उत्तर न आल्यास ग्राहक संरक्षण कायदा, 2019 प्रमाणे ठाणे जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. आम्ही राहतो त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते, त्यामुळे मला फार लांब जावं लागणार नाही. निवृत्त आहे, वेळही आहे.

आपली,
(सही)
डोंबिवली (पूर्व)

सोबत: जादा रकमेची पावती, छापील कार्यक्रमाची प्रत, सकाळी 5.50 ला काढलेला रिकाम्या धक्क्याचा फोटो (मांजरासह), माहितीपत्रकाचं मुखपृष्ठ