पुरावे वाचकासमोरच असतात

महोदय,
जुन्या रहस्यकथांत गुप्तहेर शेवटच्या पानावर जादूगारासारखा खुनी काढून दाखवतो, हे रविवार पुरवणीतील लेखाचे म्हणणे पटले नाही. अगाथा ख्रिस्तींची 1934 ची ओरिएंट एक्सप्रेसमधील खुनाची कादंबरीच घ्या. बर्फात अडकलेली गाडी, बारा वार झालेले प्रेत, सव्वाला थांबलेले घड्याळ, ‘एच’ अक्षराचा उंची रुमाल आणि पाइप साफ करायची तार. पाइप ओढणारा प्रवासी डब्यात एकच! म्हणजे संशयित आयताच सापडला, नाही का? पण सगळे इतके सोयीस्कर कसे, ही शंका कादंबरीतील गुप्तहेर पॉयरोला येते आणि वाचकालाही येऊ शकते. जळालेल्या चिठोऱ्यावरची अक्षरे तो टोप्यांच्या खोक्यातील जाळीत धरून स्पिरिटच्या दिव्यावर उजळवतो, तेही आपल्यादेखतच. सापडलेला दुवा वाचकापासून लपवू नये, हा नियम इंग्रज रहस्यकथाकार रोनाल्ड नॉक्स यांनी 1929 मध्येच घालून दिला होता. लपवाछपवी करणारे लेखकही होते म्हणा, पण सगळ्यांना एकाच माळेत ओवू नये.

आणखी एक विनंती. लेखात खुन्याचे नाव दुसऱ्याच परिच्छेदात फोडले आहे. निदान तेवढे तरी टाळा.

– एक वाचक, सातारा