बसऱ्याला गेलेल्यांची नावं

पुणे, रविवार

प्रिय दत्ता,

सप्रेम नमस्कार. तुझा फोन आला तेव्हा मी दिवे घाटात एसटीत होतो, निम्मं बोलणं वाऱ्यावर गेलं. म्हणून हे लिहायला बसलो. शिवाय फोनवर नुसतं ‘तुमच्याकडचा तो पलटणीचा फोटो पाठव’ म्हटलं असतं, तर तू स्क्रू ड्रायव्हर घेऊन तसबीर खोलायला बसला असतास, आणि नेमकं तेच करायचं नाहीये.

चावडीच्या भिंतीतला संगमरवरी दगड तुला आठवत असेल. आपण त्याला पाठ लावून लपाछपीचं राज्य घ्यायचो. त्यावर इंग्रजीत कोरलंय की या गावातून ३६ माणसं १९१४ ते १९१९च्या महायुद्धावर गेली, त्यातल्या ५ जणांनी प्राण दिले. संपला मजकूर. सरकारने असे दगड तेव्हा गावोगाव बसवले. वाक्य तेच, आकडे फक्त वेगळे. साताऱ्याकडच्या अपशिंग्याचे त्या युद्धात ४६ जण कामी आले आणि त्या गावाला ‘अपशिंगे मिलिटरी’ म्हणूनच ओळखतात. आपल्या पाचांची वास्तपुस्त कोण करणार? आता चावडी नव्याने बांधायची आहे. दगड पुन्हा बसवायचा आणि शेजारी नावांचा फलक लावायचा, असं ग्रामसभेत ठरलं. टाळ्याही पडल्या. पण नावं एकालाही सांगता येईनात.

जुन्या माणसांना एवढंच ठाऊक, की ‘ते बसऱ्याला गेले.’ बसरा म्हणजे आजच्या इराकातलं बंदर. त्यात तथ्य आहे. इथून गेलेल्या फौजेचं नावच सहावी पूना डिव्हिजन होतं, आणि १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी तिच्यात होत्या. बसऱ्याहून बगदादच्या रोखाने निघालेली ही फौज डिसेंबर १९१५मध्ये वाटेतल्या कुत या गावी तुर्कांच्या वेढ्यात सापडली. अन्न संपत आलं, घोडे कापायची वेळ आली. आपल्याकडच्या पुष्कळांनी ते मांस धर्मापायी बरेच दिवस तोंडात घेतलं नाही, अंगातलं बळ गेलं. २९ एप्रिल १९१६ला शरणागती झाली आणि कैद्यांना वाळवंटातून चालवत नेलं. त्या वाटेवर किती पडले याची गणती वेगळीच.

ज्यांची कबर सापडली नाही अशा ४० हजारांहून अधिक लोकांचं स्मारक १९२९मध्ये बसऱ्याजवळ उभं राहिलं. गोऱ्या शिपायाचं नाव तिथे कोरलं; आपल्या अंमलदारांचीही नावं कोरली. साध्या हिंदी शिपायांचा मात्र पलटणीखाली फक्त आकडा. म्हणजे चावडीवर आकडा आणि तिथेही आकडा. मला याचाच राग येतो, दत्ता. मेला तो माणूस, उरली ती बेरीज.

आता कॉमनवेल्थच्या युद्धकबर आयोगाच्या यादीत शोध घेता येतो. पुष्कळ नोंदींत बापाचं नाव, गाव आणि तालुकाही असतो. पण लिहून घेणाऱ्या साहेबाच्या कानाला जे ऐकू आलं ते त्याने लिहिलं. पुरंदर एकसारखं दोनदा सापडेल तर शपथ. आपलं गाव मी हरतऱ्हेने चुकवून टाइप करत बसतो, तेव्हा कुठे एखादा गडी सापडतो. आणि सगळे बंदूकवालेही नव्हते बरं का. खेचरं हाकणारे होते, पाणी वाहणारे होते, त्यांचीही नोंद आहे. बौद्धवस्तीत एका घरी १११ नंबरच्या महार पलटणीची गोष्ट अजून सांगतात. ही पलटण १९१७मध्ये उभी केली आणि १९२१मध्ये मोडली. तिथला माणूस त्या ३६ जणांत धरला होता की नाही, हे दगड सांगत नाही. फलकावर तो आलाच पाहिजे, असं मी सभेत बोललो. थोडी कुजबुज झाली. होऊ दे.

आता खरी गंमत ऐक. वरच्या आळीतल्या एका आजींच्या देवघरात, टाकांच्या शेजारी, बशीएवढी कांस्याची गोल चकती आहे. उभी बाई, हातात त्रिशूळ, पायाशी सिंह. तीन पिढ्या तिला भवानी म्हणून हळदकुंकू वाहतायत! ती ब्रिटानिया आहे. पहिल्या महायुद्धात मेलेल्या प्रत्येकाच्या घरी इंग्रज सरकारने ही चकती पाठवली होती. कडेने ‘स्वातंत्र्य आणि सन्मानासाठी मेला’ अशा अर्थाचं वाक्य. कुणाचं स्वातंत्र्य, हा वाद आपण कट्ट्यावर घालू. मला आधी त्या मेलेल्याच्या बायकोला पेन्शन किती मिळाली ते विचारावंसं वाटतं. पण सिंहाच्या डोक्यावरच्या चौकटीत मेलेल्याचं नाव उठावात असतं, हुद्दा न लिहिता. पूजेने ते झिजलंय. खोली अंधारी करून बॅटरी अगदी आडवी धरली, तेव्हा अक्षरं सावलीतून वर आली. पाचातला एक मिळाला. आजींना भवानीबद्दल मी काही बोललो नाही. त्यांनी मात्र चहा देताना स्वतःहून सांगितलं, ‘आमच्या सासऱ्यांचा चुलता हाय त्यो. म्हाईत हाय आमाला.’

आता तुझं काम. पणजोबांचा तो ग्रुप फोटो, वाटणीत तुझ्याकडे नाशिकला गेलेला. अशा फोटोंच्या पुठ्ठ्यावर खाली बारीक अक्षरात नावं छापलेली किंवा लिहिलेली असतात आणि चौकटीची पट्टी नेमकी त्यावरच बसते. म्हणून तो खोलायला हवा, पण तू खोलू नकोस. काचेला कुठे ओलसर, चकचकीत डाग दिसतात का ते तेवढं तिरप्या उजेडात बघ. दिसले, तर तिथे फोटो काचेला चिकटलाय. ओढलास की चेहरे काचेवर राहतील. तसं असेल तर काचेतूनच फोटो काढून समाधान मानायचं. सध्या ओल आहे, तेव्हा दिवाळीनंतर कोरड्या हवेत घेऊन ये, इथे जाणकाराकडून खोलून घेऊ आणि ६०० डीपीआयने स्कॅन करू. तोवर बाहेरच्या भिंतीवरून काढून आतल्या भिंतीला लाव. लॅमिनेशन नको, सेलोटेप नको, डांबराच्या गोळ्याही नकोत.

तरुण मंडळाला या फोटोंत संगणकाकडून रंग भरून मोठा फ्लेक्स करायचाय. मी नको म्हणालो. कपडे खाकी होते हे आपल्याला माहीत आहे, पण पुसट झालेला चेहरा ते यंत्र स्वतःच्या मनाने बनवतं. मग आपण कुणाला हार घालणार? १९६५च्या लढाईत गेलेल्या तुमच्या आळीतल्या काकांची काळजी नाही. त्यांचा स्टुडिओतला फोटो उत्तम आहे आणि दिल्लीच्या राष्ट्रीय युद्ध स्मारकात नावही आहे.

येण्याआधी आत्यांकडे जाऊन ये. फोटोची नक्कल समोर ठेव, फोनवर रेकॉर्डिंग लाव आणि त्यांना बोलू दे. मध्ये तारखा विचारू नकोस, त्या बिचकतात. कोण कुणाचा, एवढंच विचार. डावीकडून तिसरा, मिशीवाला, आपल्या गावचा असावा असा मला संशय आहे.

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद. येताना कोंडाजीचा चिवडा आण, उगाच पेढे नकोत.

तुझा,
बाळू