चिकित्सक मंडळींनी थोडे खेळावेही!

संपादक महोदय,

विज्ञानवादी गटांचा कार्यक्रम म्हणजे व्याख्यान, प्रश्नोत्तरे आणि मग वाद. नवखा माणूस पुन्हा फिरकेल कशाला? त्यापेक्षा भविष्याचा खेळ घ्यावा. मानसशास्त्रज्ञ बर्ट्रम फोरर यांनी १९४८ मध्ये विद्यार्थ्यांना ‘खास तुमचे’ म्हणून व्यक्तिमत्त्वाचे वर्णन दिले. प्रत्यक्षात सगळ्यांच्या हाती एकच मजकूर होता, तरी अचूकतेला पाचपैकी सरासरी ४.२६ गुण मिळाले! असा मजकूर सर्वांनी मिळून रचून पाहावा. कुणालाही लागू पडणारी गोलमाल वाक्ये लिहिताना धमाल येते. (श्रद्धाळूंची टिंगलच करायची असेल, तर व्याख्यानच बरे.) पत्त्यांची जादूही शिकावी. नजर कशी चुकवतात, हे स्वतः फसवून पाहिल्याशिवाय उमगत नाही.

हातांना काम हवे असेल तर क्रोशा आहेच. गणितज्ञ डाइना टाइमिना यांनी १९९७ मध्ये हायपरबोलिक पृष्ठभाग, म्हणजे जागोजागी खोगिरासारखा वळलेला पृष्ठभाग, क्रोशानेच विणला. ठरावीक टाक्यांनंतर एक टाका वाढवत गेले की कडेला आपोआप झालरी पडतात. ज्यांना भूमिती शाळेत नकोशी वाटली, त्यांनी तर हे जरूर करावे.

– एक वाचक