तांब्याच्या तारेला निरोप कधी?

पाऊस सुरू झाला की आमच्याकडचे टेलिफोनच्या तांब्याच्या तारेवरून येणारे घरगुती इंटरनेट अंथरूण धरते. खांबावरच्या डबीत पाणी शिरते, जोडावर हिरवट गंज चढतो, फोनमध्ये खरखर आणि मोडेमचा दिवा नुसता लुकलुकत राहतो. तक्रार केली की 'लाइन चेक करतो' हे ठरलेले उत्तर. बिल मात्र वेळेवर! टेलिफोन एक्स्चेंजपासून तार जितकी लांब तितका वेग कमी, हा तांब्याचा गुणधर्मच. लाइनमन बिचारा काय करणार? सरकारने २०२३ मध्ये ब्रॉडबँडच्या किमान वेगाची मर्यादा ५१२ केबीपीएसवरून (सेकंदाला किलोबिट) २ एमबीपीएसवर (सेकंदाला मेगाबिट) नेली. आमच्याकडे संध्याकाळी तेवढाही वेग मिळत नाही. मुख्य रस्त्यापर्यंत आलेले फायबर, म्हणजे तांब्याऐवजी काचेच्या तंतूची तार, आमच्या आळीत कधी वळणार, ती तारीख कंपनीने जाहीर करावी आणि तोवर बंद दिवसांचे भाडे बिलातून वजा करावे.

– एक ग्राहक, चिपळूण